एअर रायफलचा स्कोप माउंट, अंबडच्या शेडमध्ये बनवून घेतलेला: पाच महिने वापरून लिहितेय

पाच महिने वापरला, अडीचशे पेलेटचे (छर्ऱ्यांचे) सहा डबे संपवले आणि मग लिहायला बसलेय, कारण पहिल्या आठवड्यात कुठलाही माउंट चांगलाच वाटतो. अंबड एमआयडीसीत एक्स्लो पॉइंटवरून आत वळलं की एका लाइनीत छोट्या छोट्या शेड आहेत, त्यातल्या एका शेडमध्ये टूलरूमचं काम करणारे एक दादा आहेत, त्यांच्याकडून मी माझ्या एअर रायफलसाठी स्कोपचा माउंट, म्हणजे नेम धरायची दुर्बीण रायफलीवर पक्की धरणारा भाग, बनवून घेतला. विकत नाही घेतला, बनवून घेतला. त्यांचं नाव-नंबर टाकत नाही, त्यांनीच सांगितलंय की ताई माझं मेन काम जिग-फिक्श्चरचं, हे मी आवडीने केलं, उगाच लोक यायला नकोत. पण काम काय केलं आणि का केलं ते सगळं लिहिते, कारण माझ्यासारखे कितीतरी जण स्कोप बदलत बसलेत आणि दोष स्कोपचा नाहीच्चे.

रायफल आपल्याकडे बनलेलीच आहे, स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून कॉक करायची ती. ०.१७७ म्हणजे ४.५ एमएम, २० ज्यूलच्या आतली, म्हणून लायसन्स लागत नाही, घेताना आयडी प्रूफ दिलं की झालं. गिरणाऱ्याला सासऱ्यांची जमीन आहे, घराच्या मागे विहिरीच्या खोदाईतल्या मुरमाचा मोठा ढीग आहे, त्याच्या पुढे रेतीच्या गोण्या लावून मी १० आणि २० मीटरवर कागदावर मारते. फक्त कागदावर. शेजारचे एक काका दरवर्षी द्राक्षं भरली की म्हणतात वहिनी जरा पोपट उडवा की, त्यांना मी दरवर्षी सांगते की पोपट मारणं वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे आणि गुन्हा नसता तरी मी मारले नसते, जाळी लावा.

स्कोप कशाला पाहिजे होता, तर चाळिशी लागली. लहानपणी एनसीसीत ०.२२ वर मारलेलं, तेव्हा मागची खाच, पुढची टिप आणि टार्गेट तिन्ही कसं लख्ख दिसायचं. आता टिपेवर नजर धरली की मागची खाच विरघळून जाते, आणि चष्मा लावला की टार्गेट जातं. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं त्या दिवसापासून माझा भाचा मला म्हणतो मावशी त्याच्या रायफलवर कुठं दुर्बीण आहे, आणि बरोबरच आहे त्याचं, तिथे पीप साइट (बारीक भोकातून बघायची) असते, स्कोप चालतच नाही. पण तो १४ वर्षांचा आहे आणि मी ४६ ची. माझ्या डोळ्यांना एकाच अंतरावर सगळं दाखवणारी गोष्ट म्हणजे स्कोप.

तर ३-९ बाय ४० चा, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारा आणि ४० एमएमच्या पुढच्या काचेचा, एक स्कोप घेतला, ४,२०० रुपयांना, पुढे फोकसची रिंग असलेला. ती रिंग असलेलाच घ्या बरं का, साध्या स्कोपचं पॅरॅलॅक्स लांबच्या अंतराला सेट केलेलं असतं, १०० यार्डाला वगैरे, १० मीटरवर त्यातून चित्र धूसर दिसतं आणि डोकं जरा हललं की क्रॉस (आतली उभी-आडवी रेघ) टार्गेटवरून फिरतो. स्कोपबरोबर शहरातल्या एका दुकानातून दोन सुट्या रिंगा, म्हणजे स्कोपची नळी रायफलीवर धरणाऱ्या कड्या, घेतल्या, ७०० रुपये. दुकानातल्या मुलाने काउंटरवरच पाच मिनिटांत बसवून दिल्या, घ्या मॅडम, झाला रेडी.

पहिल्या दिवशी मस्त. दुसऱ्या रविवारी २० मीटरवर गोळ्या इंचभर खाली. मी स्कोपचा नॉब फिरवून क्लिक देऊन वर आणल्या. पुढच्या रविवारी परत खाली आणि जरा डावीकडे. परत क्लिक. असं करत करत एलिव्हेशनचा (वर-खाली करायचा) नॉब इतका वर गेला की पुढे फिरेना. दुकानात गेले तर म्हणे टाइट करा. टाइट केलं, इतकं टाइट केलं की ऍलन की स्क्रूत फिरली आणि स्कोपच्या नळीवर रिंगेचा वळ उठला, तो अजून आहे, हात फिरवला की लागतो. मग दुकानदार म्हणाले रिंगा हलक्या आहेत, भारीतल्या घ्या, १,१०० च्या घेतल्या. दोन आठवड्यांनी तेच. मग म्हणाले स्कोप गेलाय तुमचा, स्प्रिंगवाल्या रायफलवर स्कोप टिकत नाहीत, नवीन घ्या. त्यांनी एकदाही रायफल हातात घेऊन रिंगा कुठे बसल्यात ते बघितलं नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण दोनदा पैसे गेले ते गेले पण चार महिने मी स्वतःच्या हातावर शंका घेत होते.

घरी जे जे तपासता येतं ते मी तपासलं होतं, ते आधी सांगते, कारण माउंटपर्यंत जायच्या आधी हे करायलाच पाहिजे. पहिलं म्हणजे लाकडाचे स्क्रू. स्प्रिंगवाल्या रायफलीत पुढच्या बाजूचे दोन स्क्रू हमखास ढिले होतात, माझा एक पाव आटा फिरला. दुसरं, पेलेट एकाच डब्यातले वापरायचे, दर वेळी ब्रँड बदलला तर काही कळत नाही. तिसरं, धरायची पद्धत. ही रायफल घट्ट दाबून धरायचीच नाही, पुढच्या हाताच्या तळव्यावर नुसती ठेवल्यासारखी, खांद्याला हलकीच, तिला मागे-पुढे उडायचं तितकं उडू द्यायचं, ह्याला आर्टिलरी होल्ड म्हणतात. आमच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार राहतात, देवळालीला तोफखान्यात होते, त्यांना हे नाव सांगितलं तर ते खूश झाले, म्हणाले बरोबर आहे बेटा, तोफेची नळी पण मागे जाऊन परत जागेवर येते, अडवली तर गाडाच उखडेल.

ह्याच सुभेदार काकांनी मला पहिल्यांदा माउंटवर संशय घ्यायला लावलं. त्यांनी नोकरीत एसएलआर चालवलेली, आपली ती ७.६२ ची सेमी ऑटोमॅटिक, इशापूरची. त्या रायफलीचं वरचं झाकण पातळ पत्र्याचं असतं आणि मागून सरकवून काढायचं असतं. त्या झाकणावर कुठलीही साइट चढवली की झिरो टिकवणं, म्हणजे साइट दाखवते तिथेच गोळी जात राहणं, हा एक छळ असतो, असं ते म्हणाले. साइट चांगली असते, नळी चांगली असते, पण मधलं झाकण खटाखट हलतं, प्रत्येक गोळीला बोल्ट मागे जाऊन पुढे आदळतो आणि झाकण केसभर वेगळ्या जागी बसतं. तुझ्या रायफलीला बोल्ट नाही पण पिस्टन आहे ना, मग साइट कशावर बसलीये ते बघ आधी, साइटमध्ये काय बघतेस.

मग मी एक साधी गोष्ट केली, ती सगळ्यांनी करावी. लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ अशी मारली की अर्धी रिंगेच्या पायावर आणि अर्धी रायफलीच्या रेलवर (माउंट बसतो त्या खाचांच्या पट्टीवर), आणि दुसरी रेघ रिंगेवर आणि स्कोपच्या नळीवर. वाळू दिली. ४० गोळ्या मारल्या. नळीवरची रेघ जागच्या जागी होती, म्हणजे स्कोप रिंगेत सरकत नव्हता. पण खालची रेघ तुटली होती, रिंगेवरचा तुकडा मागे, माझ्या डोळ्याच्या बाजूला, जवळजवळ २ एमएम सरकलेला. आणि त्या २ एमएममध्ये रेलचा काळा रंग खरवडून चकचकीत पांढरी पट्टी उघडी पडलेली, तिच्यात राखाडी भुकटी, बोटाला लागत होती. ते बघितल्यावर मला रडूच यायचं बाकी होतं, पण बरंही वाटलं की चला, सापडलं.

मागे का सरकतो हे आमच्या ह्यांना पटत नव्हतं, धक्का मागे बसतो तर स्कोप पुढे गेला पाहिजे ना. एकाच धक्क्याच्या बंदुकीत तसंच होतं. स्प्रिंगच्या रायफलीत दोन धक्के असतात. ट्रिगर सुटला की जड पिस्टन पुढे धावतो म्हणून रायफल मागे येते, आणि मग तो पिस्टन पुढे जाऊन हवेच्या गादीवर आपटून थांबतो तेव्हा अख्खी रायफल झटक्यात पुढे जाते. हा दुसरा झटका जास्त जोराचा. रायफल पुढे पळते, स्कोप जडपणामुळे जागेवर राहतो, म्हणजे रेलच्या हिशोबाने मागे सरकतो. दर गोळीला अगदी थोडासा. जोरदार बंदुकीवर टिकलेले स्कोप ह्या छोट्या रायफलीवर मोडतात ते ह्याच उलट्या झटक्याने, ते एकाच दिशेचा मार खायला बनवलेले असतात.

आता शेडची गोष्ट. दादांची ओळख आमच्या ऑफिसमधून निघाली, मी सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि त्यांची बिलं माझ्या टेबलावर येतात. नाशिकमध्ये राहायचा हा एक मोठा फायदा, ऑटोमोबाइलच्या पार्टसमुळे सातपूर-अंबडला गल्लोगल्ली असे लोक आहेत जे मायक्रॉनमध्ये बोलतात, आणि आपण मात्र माउंटसाठी मुंबई-दिल्लीहून पार्सल मागवतो. शनिवारी दुपारी रायफल खोक्यात घालून गेले, रिकामी, नळी उघडी ठेवून. दादांनी सुरुवातीलाच सांगितलं, ताई बंदुकीच्या आतल्या कामाला मी हात लावणार नाही, माझ्यासाठी हा एक ब्रॅकेट आहे, ब्रॅकेटचं बोला.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर रिंगा काढल्या, रेल थिनरने पुसली, आणि रिंगेच्या जबड्याला निळी शाई लावली, टूलरूममध्ये ब्लू मॅचिंग करतात ती. मग रिंग रेलवर नेहमीसारखी आवळली, सोडली आणि मला भिंगातून दाखवलं. जबड्याची सगळी तिरकी बाजू निळीच्या निळी होती, फक्त एका कडेला केसाएवढी रेघ पुसली गेली होती. "बघा ताई, हे बसलेलं नाहीये, हे नुसतं टेकलंय."

झालं होतं असं की ११ एमएमची डोव्हटेल (तिरक्या खाचांची रेल) म्हणून जे सगळे विकतात त्यात ११ हा आकडा नावालाच असतो. रुंदी थोडी इकडे-तिकडे असते आणि मुख्य म्हणजे खाचेचा कोन वेगवेगळा असतो, कुणाचा ४५ अंश, कुणाचा ६०. माझ्या रेलची खाच ६० ची निघाली आणि दोन्ही रिंगांचे जबडे ४५ चे. तिरका जबडा वेगळ्या तिरप्या खाचेत गेला की फक्त कड टेकते. मग कितीही आवळा, कड ॲल्युमिनियममध्ये रुतते, दहा-वीस गोळ्या धरते आणि मग परत सरकायला मोकळी. ७०० च्या रिंगेला पण हाच रोग आणि १,१०० च्या रिंगेला पण हाच.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली ती माझ्या डोक्यातच नव्हती. रेलच्या मागच्या टोकाला वरून एक गोल भोक होतं, साधारण ३ एमएमचं. हे कशाला? मी म्हटलं माहीत नाही. ते म्हणाले कंपनीने भोक पाडलंय म्हणजे फुकट पाडलेलं नाही, इथे पिन पाहिजे. आणि खरंच, स्प्रिंगच्या रायफलीसाठीच्या माउंटला खाली एक स्टॉप पिन असते ती ह्या भोकात जाते, मग माउंट नुसत्या घर्षणावर राहत नाही, मागे जायला जागाच उरत नाही. माझ्या रिंगांना पिन नव्हती. दुकानात हे कुणी सांगितलं नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पिन भोकाच्या तळाला टेकता कामा नये, जास्त लांब असेल तर पिनच माउंटला उचलून धरते आणि जबडे अधांतरी राहतात. दादांनी डेप्थ मोजून पिन अर्धा एमएम आखूड ठेवली.

तिसरं, नॉब वरच्या टोकाला का गेला होता. मला वाटलं सरकण्यामुळेच, पण ते म्हणाले सरकणं वेगळं, हे वेगळं दिसतंय, मला फोटो नको, आकडा आणा. मग त्यांनी सांगितलं तसं मी एलिव्हेशन खालपासून वरपर्यंत मोजलं, २३६ क्लिक, परत ११८ मागे आणून बरोबर मध्यावर ठेवलं. डावं-उजवंही तसंच. रिंगा नव्याने आवळल्या, १० मीटरवर पाच गोळ्या मारल्या, त्यांचा मध्य क्रॉसच्या ६५ एमएम खाली आला. हा आकडा घेऊन पुढच्या शनिवारी गेले.

ब्रेक बॅरलमध्ये हे बऱ्याच वेळा असतं, नळी बिजागरीवर असते आणि बंद झाल्यावर तिचं तोंड रेलच्या मानाने जरासं खाली झुकलेलं राहतं. उघड्या साइटवर कळत नाही कारण पुढची टिप नळीवरच असते, तीही बरोबर झुकते. स्कोप मात्र रेलवर असतो, त्याला नळीचं काही देणंघेणं नाही. त्यात स्कोपची उंची नळीपासून ४ सेंटीमीटर, तीही जवळच्या अंतराला भरीला येते. पाव मिनिटाच्या (हा कोनाचा मिनिट, अंशाचा साठावा भाग) क्लिकला १० मीटरवर पाऊण एमएमच्या आत-बाहेर सरकतं, म्हणजे ६५ एमएम भरून काढायला ९० च्या आसपास क्लिक वर जायला लागतं. ११८ मधले ९० तिथेच गेले. आणि नॉब इतका वर नेला की स्कोपच्या आतला स्प्रिंग सैल पडतो, क्रॉस धरून ठेवायची ताकदच त्याच्यात राहत नाही, मग गोळ्या मनाला येईल तिथे जातात. दुकानदाराला स्कोप गेल्यासारखा वाटला तो ह्यामुळे.

लोक काय करतात तर मागच्या रिंगेत फिल्मच्या किंवा कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पट्ट्या घालून स्कोपची मागची बाजू उचलतात. चालतं, थोडंसं असेल तर चालतं. दादांनी कागदावर हिशोब करून दाखवला, दोन रिंगांमधलं अंतर ९५ एमएम, १० मीटरला ६५ एमएम, म्हणजे मागची रिंग ०.६२ एमएम उचलावी लागेल. एवढी पट्टी घालून पुढची रिंग सरळ आणि मागची उचललेली असं आवळलं तर स्कोपची नळी वाकणार, नाहीतर दबणार. नळीवरच्या त्या वळावर बोट ठेवून ते म्हणाले, अजून एक असाच पाहिजे का.

त्यांनी मग जो तोडगा काढला तो मला फार आवडला. एचई ३० ॲल्युमिनियमचा १२० एमएम लांबीचा तुकडा घेतला. खालच्या बाजूला माझ्या रेलच्या ६० अंशाच्या खाचेला जुळणारा एक पक्का जबडा आणि एक सुटा, तीन एम४ च्या स्क्रूने आवळायचा. मागे स्टॉप पिन. वरच्या बाजूला पिकाटिनी रेल (आडव्या खाचांची, ठरलेल्या मापाची पट्टी), २१.२ रुंद, ५.२३ चे स्लॉट १०.०१ च्या पिचने, म्हणजे बाजारात मिळणारी कुठलीही चांगली आडव्या बोल्टची रिंग त्यावर बसते आणि तो बोल्ट स्लॉटमध्ये अडकल्याने तिथेही सरकायचा प्रश्न नाही. आणि ही वरची रेल खालच्या बाजूला समांतर नाही, मिलिंग करतानाच पीस स्लिप गेजवर (नेमक्या मापाच्या ठोकळ्यांवर) तिरका ठेवून मागची बाजू ०.७८ ने उंच काढली. ०.७८ कारण ९५ ला ०.६२ तर १२० ला तेवढे. डोळ्याला दिसत पण नाही. पण दोन्ही रिंगा एकाच तिरक्या सरळ पृष्ठावर असल्याने नळीला कुठेही पीळ नाही.

परत शाई लावून बघितलं. ह्या वेळी जबड्याची तिरकी बाजू पूर्ण पुसली गेली होती, वर जरा दोन ठिपके निळे राहिले होते, ते त्यांनी तेलाच्या दगडाने घासून काढले आणि परत लावलं. तीन वेळा. मी म्हटलं दादा पुरे, ते म्हणाले पुरे कसं, आत्ता तर बसायला लागलंय.

बसवतानाचं त्यांच्याकडून शिकलेलं लिहून ठेवते, घरी बसवणाऱ्यांना उपयोगी पडेल. रेल आणि जबडा थिनरने किंवा आयसोप्रोपिलने पुसायचा, तेलाचं बोटही लागता कामा नये. पिन भोकात घालून माउंट हाताने मागे ओढून धरायचा, पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकली की मग आवळायचं, नाहीतर पहिल्या गोळीला तो स्वतःच तेवढा मागे जाणार. खालच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद), लाल नाही. रिंगेच्या वरच्या टोप्या आवळताना चारी स्क्रू थोडे थोडे, कोपरा-कोपरा करत, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. त्यांच्याकडे टॉर्कचा स्क्रू ड्रायव्हर होता, टोप्यांना २ न्यूटन मीटरच्या आत. घरी तो नसेल तर ऍलन की उलटी धरा, लांब दांडी स्क्रूत आणि आखूड दांडी दोन बोटांत, मग जोर लागूच शकत नाही. क्रॉस सरळ करायला मी गिरणाऱ्याला गवंड्याचा ओळंबा १० मीटरवर टांगला आणि उभी रेघ त्या दोरीवर आणली, त्याच्याइतकं अचूक काही नाही. आणि हे सगळं झाल्यावर परत नेलपॉलिश.

रिझल्ट सांगते. नॉब मध्यापासून फक्त सात क्लिक हलवावा लागला. १० मीटरवर पाच गोळ्या आधी ३५-४० एमएममध्ये पसरायच्या, त्याही उभ्या रेघेत, आता ८-९ एमएममध्ये येतात, एक पाच रुपयाचं नाणं ठेवलं की झाकली जातात आणि भरपूर कड उरते. २० मीटरवर चांगल्या दिवशी १८-२०. ह्यातलं थोडं श्रेय एकाच प्रकारच्या पेलेटला पण आहे. पण मुख्य म्हणजे पुढच्या रविवारी पहिली गोळी तिथेच जाते जिथे मागच्या रविवारची शेवटची गेली होती, आणि मला त्यासाठीच स्कोप पाहिजे होता.

आता न आवडलेलं. गुरुवारी देतो म्हणाले आणि दिला पुढच्या मंगळवारी, मध्ये दोनदा अंबडपर्यंत हेलपाटा झाला, एकदा तर शेडच बंद, पॉवर शटडाउनचा दिवस. फोन उचलत नाहीत, मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणतात, मग मेसेज तरी बघावेत. ह्या तुकड्याने स्कोप १२ एमएम वर गेला, त्यामुळे गाल लाकडावर टेकवला की डोळा खाली राहतो, मला फोमचा तुकडा आणि क्रेप बँडेज गुंडाळून गालाची उंची वाढवावी लागली, हे त्यांनी आधी सांगायला पाहिजे होतं, निदान विचारायला. मागचे दोन कोपरे धारदार ठेवले होते, कॉक करताना बोटाच्या पेराला चांगलं खरचटलं, परत नेऊन चॅम्फर मारून, म्हणजे कडा तासून, आणला, त्याचे पैसे घेतले नाहीत. ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवतात तो कडक थर) केलेलं नाही, नुसतं पांढरं ॲल्युमिनियम आहे, काळ्या रायफलीवर उठून दिसतं आणि हाताळलं की बोटं काळी होतात. एकट्या पीससाठी ॲनोडायझिंगवाला उभं करत नाही म्हणून लॉटबरोबर टाकू म्हणालेत, त्याला तीन महिने झाले. आणि वजन, साधारण ७५ ग्रॅम वाढलं, ते मात्र मला जाणवत नाही.

खर्च एकूण १,४०० रुपये घेतले, मटेरियल आणि स्क्रू धरून, वर बसवून दिला. पिकाटिनीच्या रिंगा मी वेगळ्या घेतल्या ९०० च्या. म्हणजे २,३०० झाले. आधीच्या दोन जोड्यांचे १,८०० वाया गेले नसते तर हे आणखी स्वस्त वाटलं असतं. कुणी म्हणेल की तयार वन पीस माउंट पिनसकट ह्याच्यापेक्षा कमीत मिळतो. मिळतो, आणि तुमच्या रायफलीची नळी झुकलेली नसेल आणि जबड्याचा कोन जुळत असेल तर तोच घ्या, तो पुरेल, बनवून घ्यायची काहीच गरज नाही. पण घ्यायच्या आधी रायफल बरोबर न्या, रेलचा कोन बघा, पिनचं भोक आहे का बघा, माउंट दुकानातच लावून मार्करची शाई पुसली जाते का बघा. काउंटरवरचा माणूस ह्याला कंटाळला तर दुसऱ्या दुकानात जा.

पाचपैकी किती द्यायचे तर कामाला पाच, वेळेला दोन.

जूनचा पहिला पाऊस परवा गिरणाऱ्याला पडला, रायफल ओसरीत होती तरी दमट हवेने स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस ठिपके आलेत, साधे स्टीलचे आहेत ते, स्टेनलेसचे मागायला पाहिजे होते. एक एक करून बदलणार आहे, सगळे एकदम सोडणार नाही, म्हणजे झिरो हलणार नाही. पुसताना नेलपॉलिशची रेघ भिंगातून बघितली, संक्रांतीच्या आठवड्यात मारलेली, आता फिकट गुलाबी झालीये, पण अखंड आहे.